नॉरिस टेबचा तिसरा मुद्दा

नॉरिस टेबला 'नाही' म्हणता येत नाही, हे आमच्या थॉर्पबी गावात सगळ्यांना ठाऊक आहे. चर्चच्या जत्रेत तंबू ठोकायला नॉरिस, कुणाचं मांजर झाडावर अडकलं की शिडी घेऊन नॉरिस, आणि बायकांच्या केकस्पर्धेला परीक्षक मिळाला नाही तर तिथंही नॉरिस. त्या वर्षी त्यानं सगळ्याच केकना पहिला नंबर दिला आणि बायका आपसांत महिनाभर बोलत नव्हत्या. बीटाच्या साखर कारखान्यात उभं आयुष्य काढलेला, नाकासमोर चालणारा माणूस. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. नॉरिसच्या घरी ती कायमची राहायलाच आली होती.

त्याचा आणि माझा भाजीचा वाफा शेजारीशेजारी. मिल लेनच्या मागं कौन्सिलची जमीन आहे, तिचे तुकडे गावातल्या लोकांना नावापुरत्या भाड्यानं मिळतात. मी तिथं मेथी लावते, तिला तो 'सूचं गवत' म्हणतो. सू म्हणजे मी. तो लीक, म्हणजे कांद्याच्या जातीची इकडची भाजी, बोटभर जाडीची लावतो आणि मनगटाएवढी झाली म्हणून सांगतो. असं आमचं बरं चाललं होतं.

मार्च महिन्यात एका सकाळी रोझलिंड कीच चिखल चुकवत त्याच्या खोपटाशी आली. ही एका पक्षाची स्थानिक सेक्रेटरी. शाळेत इतिहास शिकवायची, निवृत्त झाली तरी आवाज वर्गातलाच राहिला.

"नॉरिस, एक काम होतं. अगदी छोटं."

"बोला की बाई."

"जिल्हा कौन्सिलला आपला माणूस प्रत्येक वॉर्डात उभा हवा. निदान मतपत्रिकेवर पक्षाचं नाव तरी दिसेल. तुमच्या वॉर्डात कुणी तयार नाही. तुम्ही फक्त सही द्या. प्रचार नाही, लोकांची दारं वाजवायची नाहीत, काही नाही."

"आणि चुकून निवडून आलो म्हणजे?"

रोझलिंड खळखळून हसली. "ग्वेन्डासमोर? अहो, ग्वेन्डा लेव्हर्टनसमोर साक्षात देव उभा राहिला तरी पडेल."

नॉरिसही हसला आणि त्यानं सही केली. असल्या माणसाला इकडे कागदी उमेदवार म्हणतात. सगळेच पक्ष दर निवडणुकीला असे चारदोन उभे करतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मला वाटतं, पण मला विचारतंय कोण!

ग्वेन्डा कुठल्याच पक्षाची नव्हती. आमच्या वाफ्यांच्या सामाईक नळापाशी तिचा वाफा होता आणि आमच्या वॉर्डाची जागा वर्षानुवर्षं तिच्याकडे होती. लायब्ररीसमोरचा दिवा, शाळेपुढचे पांढरे पट्टे, दर हिवाळ्यात तुंबणारं गटार, काहीही असलं की माणसं तिचं दार वाजवायची. ती चिडचिड करायची, पण काम करायची.

सहीनंतर रोझलिंडनं फोनवर नॉरिसचा फोटो काढला. हातात फावडं, मागं घेवड्याच्या काठ्या. "हसा थोडं," ती म्हणाली. महिन्याभरात पत्रकांचा गठ्ठा घरी आला. वर नॉरिसचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत 'कौन्सिल आमच्या हाती द्या: आमचे पाच अग्रक्रम', आणि त्याखाली ते पाच. नॉरिसनं फोटो बघितला. त्याच्या बायकोनं, एव्हिसनंही फोटोच बघितला.

"अरे, स्वेटर तरी बदलायचास! अख्ख्या जिल्ह्याला तुझं रविवारचं अंडं दिसतंय."

"कुठाय अंडं?"

"ते काय, दुसऱ्या बटणाशी."

एवढ्यावर वाचन संपलं. कागद मात्र चांगला जाड होता. पक्षानं गावात पोस्टानं वाटायची ती पत्रकं वाटलीच होती, म्हणून घरी आलेल्या गठ्ठ्याच्या नॉरिसनं सुरळ्या केल्या, खालून मुडपल्या, त्यांत माती भरली आणि घेवड्याचं बी लावलं. मे महिन्यापर्यंत त्याच्या खोपटाच्या खिडकीत पक्षाचे अग्रक्रम रांगेनं उभे होते आणि प्रत्येकातून दोन पानं वर आली होती.

मतदान गुरुवारी झालं. शुक्रवारी मोजणीला नॉरिस गेला नाही. कागदी उमेदवार जात नाहीत. आम्ही दोघं बटाट्यांना माती लावत होतो. दुपारी फाटकातून ग्वेन्डा आली. मोजणीला जायचा तो निळा कोट अंगात, पायांत चांगले बूट, आणि ती सरळ चिखलातून चालत आली.

"नॉरिस, फोन कुठाय तुझा?"

"घरी. का गं?"

"सगळे शोधतायत तुला. निवडून आलास तू."

"हो का? आणि मी राजाचा जावई."

"दोनदा मोजली मतं. थोडक्यात गेली माझी जागा." तिनं हात पुढं केला. "अभिनंदन."

हरलेल्यानं जिंकलेल्याचा हात हातात घ्यायचा ही इथली रीत. पण त्यासाठी हरलेल्यानं जिंकलेल्याला बटाट्याच्या वाफ्यात शोधत यावं, हे मी पहिल्यांदाच बघत होते. नॉरिसनं हात पँटला पुसला, परत पुसला, आणि शेवटी चिखलाचाच हात तिच्या हातात दिला.

"अगं पण... तू?"

"मी काय, घरी जाते. हरलेली माणसं जातात तशी."

त्या वर्षी वारंच तसं होतं. जुन्या सत्तेला जिल्हा विटला होता, माणसांनी नाव न बघता पक्षाचं चिन्ह बघून खुणा केल्या. रोझलिंडचा पक्ष एका जागेनं सत्तेवर आला. म्हणजे नॉरिसच्या जागेनं.

ग्वेन्डा जायला वळली आणि थांबली. "एक विचारते. तिसऱ्या मुद्द्याचं काय करणार आहेस?"

"कसला तिसरा मुद्दा?"

"तुझ्या पत्रकातला."

नॉरिस माझ्याकडे बघायला लागला. पत्रक माझ्या दारातूनही आलं होतं, पण मी ग्वेन्डाला मत देणार हे ठरलेलंच असल्यामुळे मी ते तसंच कचऱ्यात टाकलं होतं. मग तो खोपटात गेला, सुरळीतलं एक रोप काढून हलक्या हातानं बाजूला ठेवलं, माती झटकली आणि तो ओला कागद माझ्यापुढं धरला.

"सू, चष्मा नाही माझा. वाच."

मी वाचलं. पहिला, कचरा दर आठवड्याला उचलणार. दुसरा, बाजारातली शौचालयं दिवसभर उघडी ठेवणार. तिसऱ्यावर मुळं चिकटली होती, ती मी नखानं काढली. "मिल लेनमागच्या, कमी वापरात असलेल्या जागेवर स्थानिक तरुणांसाठी परवडणारी घरं."

आम्ही तिघं त्याच जागेवर उभे होतो. वरच्या फोटोत नॉरिस त्याच जागेवर उभा राहून हसत होता. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, मग मान, मग सगळा चेहरा. चौथा आणि पाचवा मुद्दा वाचायला त्यानं सांगितलं नाही. माणसाची एवढी लाज निघताना समोर उभं राहू नये, पण मी तरी जाणार कुठं? माझ्या हातात तो कागद होता.

"मी वाचलंच नव्हतं," तो म्हणाला.

"ते कळलं," ग्वेन्डा म्हणाली.

बातमी नळापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. पुढच्या रविवारी वाफेवाली सगळी मंडळी तिथं जमली. कुणीतरी मागून म्हणालं, "आयत्या बिळावर नागोबा! आणि नागोबाला बिळाचा पत्ताच ठाऊक नाही!" माणसं हसली. नॉरिस डोक्यावरची टोपी काढून पुढं आला.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "ठराव येईल तेव्हा माझा हात विरोधात जाईल. शब्द देतो."

एका हाताचं तर बहुमत होतं. तो विरोधात गेला की ठराव पडणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. त्या दिवशी लोकांनी त्याला चहा दिला, कुणी केक दिला. ग्वेन्डानं काहीच दिलं नाही, पण तिनं मान हलवली आणि नॉरिसला तेवढं पुष्कळ झालं.

उन्हाळाभर तो कौन्सिलला जात राहिला. दर बैठकीआधी पक्षाची माणसं वरच्या खोलीत वेगळी जमतात, चहाबिस्किटं घेतात, आणि कशाला हात वर करायचा ते तिथंच ठरतं. खाली सभागृहात नुसते हात मोजायचे. नॉरिसनं तिथं विषय काढला तेव्हा काय झालं, ते त्यानं मला वाफ्यावर सांगितलं.

"मी रोझलिंडबाईंना म्हटलं, बाई, मी ते वाचलं नव्हतं. तर त्या म्हणाल्या, तुम्हाला ज्यांनी मतं दिली त्यांनी वाचलं असेल की."

"मग तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार? त्या पुढं म्हणाल्या, आईबापाच्या माळ्यावर संसार करणारी पोरं खोटी आहेत का? तुमच्या लीकसाठी त्यांनी अजून किती थांबायचं?"

"मग?"

"खरं आहे गं ते, सू. माझ्या भाचीचंच तसं चाललंय."

"मग घरांच्या बाजूनं जा ना! सरळ नळापाशी येऊन सांग, की माझा विचार बदलला."

"पण मी शब्द दिलाय!"

"मग शब्द पाळ."

"पण त्यांचंही..." असं म्हणत तो परत तण उपटायला लागला. माझं डोकं फिरलं. एखाद्या माणसाला मत नसणं मी समजू शकते. पण समोरच्याचं मत ऐकलं की ते आपलंच वाटायचं, ही कुठली रीत?

ठराव ऑक्टोबरात आला. दुपारची बैठक होती. आम्ही वाफेवाले कुणी गाडीनं, कुणी बसनं गेलो आणि लोकांसाठी राखलेल्या बाकांवर दाटीवाटीनं बसलो. बाहेरच्या माणसाला तीन मिनिटं बोलता येतं, ती ग्वेन्डानं घेतली. ती घरांच्या विरोधात बोललीच नाही. जुन्या बस आगाराची जागा रिकामी आहे, तिथं घरं बांधा, फक्त आधी ती बघून या, एवढंच म्हणाली आणि वेळ उरला असताना खाली बसली.

अध्यक्षांनी विचारलं, "ठरावाच्या बाजूनं?"

रोझलिंडचा हात वर गेला. तिच्या शेजारचा गेला. मग त्या बाजूचे सगळे. मी नॉरिसकडे बघत होते. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते, बोटं एकमेकांत घट्ट. त्यानं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. आणि मग त्याचा उजवा हात सुटला आणि वर गेला.

कारखान्यातल्या संपाच्या वेळी अशाच एका सभेत एका माणसानं हात खाली ठेवला होता, हे एव्हिसनं मला मागं सांगितलं होतं. संप मिटला, कारखान्याचे मालक बदलले, तरी त्या माणसाशी गावात कुणी बोललं नाही. त्याच्या प्रेतयात्रेलाही माणसं नव्हती. नॉरिसही गेला नव्हता. आपल्या बाजूचे हात वर असताना ज्याचा खाली राहतो तो फितूर, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं. डोक्यानं काय ठरवलंय, ते हातानं विचारलंच नाही.

ठराव एका मतानं मंजूर झाला. आमच्या बाकांवर कुणी ओरडलं नाही. माणसं कोट घालून उठली आणि निघाली. जाताना त्यांनी नॉरिसकडे बघितलं नाही, आणि ते त्याला दिसावं अशा बेतानं बघितलं नाही. मलाही त्याची लाज वाटली, अगदी घरातल्या माणसाची वाटावी तशी.

बाकीच्यांना गाड्यांतून जागा मिळाल्या. बसथांब्यावर मी आणि ग्वेन्डा उरलो. थोड्या वेळानं नॉरिस बाहेर आला. त्याच्याकडेही गाडी नाही. तो आमच्यापासून जरा लांब उभा राहिला, मग जवळ आला.

"ग्वेन्डा."

"बोल."

"कसा गेला तो हात, मलाच कळलं नाही."

"हं."

"तुला राग आला असेल."

"घरं होतील, नॉरिस. माणसं राहतील त्यांत. मी लीक दुसरीकडे लावीन." ती रस्त्याकडे बघत बोलत होती. "तुला ती घरं खरंच हवीत असं वाटून हात वर केला असतास, तर मी आत्ता तुझ्याशी भांडले असते आणि उद्या विसरले असते."

नॉरिसचा चेहरा कसनुसा झाला. तिला काहीतरी द्यायला हवं असं त्याला वाटलं असावं, आणि त्याच्याजवळ होतं ते त्यानं काढून दिलं.

"तुला एक सांगू? मे महिन्यात मी मत तुलाच दिलं होतं. नेहमीसारखं. माझ्या नावापुढं नाही केली खूण. एव्हिसनंही तुलाच दिलं."

तिला बरं वाटेल अशी त्याची कल्पना होती. ग्वेन्डा पहिल्यांदाच पुरती त्याच्याकडे वळली. एवढ्या वर्षांत तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता, आणि तेव्हाही तो चढला नाही.

"म्हणजे तू या कामाचा नाहीस, हे तुला माहीत होतं," ती म्हणाली. "आणि तरी तू आमच्यापुढं मतपत्रिकेवर तुझं नाव ठेवलंस."

 नॉरिसनं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्या बाजूनं काही बोलेन म्हणून.  मी वळून बसचं वेळापत्रक वाचायला लागले.

बस आली. ग्वेन्डा चढली, मी चढले. नॉरिस पायरीशी उभा राहून म्हणाला, तुम्ही जा, मी पुढच्या बसनं येतो. पुढची बस त्या दिवशी नव्हती, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. ड्रायव्हरनं दार लावलं.