पुडीचं वजन

माझी तोफ स्वयंपाकघरातल्या मोठ्या खलबत्त्याएवढी आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण अमेरिकेत आम्ही राहतो त्या हर्नडनमधल्या मराठी घरांत 'यांच्याकडे तोफ आहे' असं कोणी म्हटलं की लोक पहिल्यांदा माझ्याकडे बघतात आणि मग कीव करत माझ्या बायकोकडे. उखळी तोफ हे नाव तिला शोभतं. आखूड, जाड नळी, लाकडी ठोकळ्यावर पंचेचाळीस अंशांत बसवलेली. तळाशी काळी दारू, तिच्यावर गोल्फचा चेंडू. बत्ती दिली की धाडकन आवाज होतो, पांढरा धूर येतो, चेंडू आभाळात दिसेनासा होतो आणि मग शेतात रोवलेल्या काठीच्या आसपास कुठेतरी येऊन पडतो. पाच बार काढायचे आणि टेप घेऊन मोजायचं. ज्याचे चेंडू काठीच्या जवळ, तो जिंकला. बस, एवढाच खेळ.

ती नळी मी स्वतः लेथवर कातली. दोन हिवाळे लागले. शिक्षणाने मी मेकॅनिकल इंजिनियर, पण इथे येऊन आयुष्यभर कॉम्प्युटरच्या पडद्यापुढे बसलो. हाताला लागेल असं काही बनवलंच नव्हतं. निवृत्त झाल्यावर ते पहिलं काम केलं आणि मनासारखं झालं. दुसरी नळी लगेच कातली, ती मित्राला त्याच्या निवृत्तीची भेट म्हणून.

हा मित्र मूळचा नागपूरचा, भूल देणारा डॉक्टर. आमची दोन्ही घरं एकाच काळात इथे आली, एकमेकांचा सोफा आपलाच असल्यासारखे आम्ही एकमेकांच्या घरात वावरलो. उभी हयात त्याने माणसांना मोजून औषध दिलं. थेंब कमी झाला तर पेशंट जागा होणार, थेंब जास्त झाला तर उठणारच नाही, असं तो अभिमानाने सांगायचा. म्हणून तोफेची दारू मोजण्याचं काम मी डोळे झाकून त्याच्याकडे दिलं. शिवाय माझ्या बायकोला दारू घरात नको होती. इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी यावर करायचे ते सगळे विनोद करून झाले आहेत. दारूचे डबे मित्राच्या परसातल्या शेडमध्ये असत. शुक्रवारी दुपारी तो तिथे बसून दारू तोलायचा, फॉइलच्या पुड्या बांधायचा, प्रत्येकीवर पेन्सिलने आकडा लिहायचा, आणि शनिवारी सकाळी आम्ही डोंगरांच्या दिशेने दीड तास ड्राइव्ह करून तोफा उडवायच्या मैदानावर, रेंजवर, जायचो.

रेंजवर एक रीत आहे. दारूची पेटी एकच माणूस उघडतो. तो पुडी हातात देताना तिच्यातलं वजन मोठ्याने सांगतो. तोफ भरणारा ते वजन तितक्याच मोठ्याने परत म्हणतो, आणि मगच पुडी नळीत जाते. एकाच्या चुकीवर दुसऱ्याचा कान असावा म्हणून ही पद्धत. मित्र आकडा सांगायचा, मी आकडा म्हणायचो. शेकडो वेळा म्हटला असेल.

ही सवय घरातही शिरली. रोज सकाळी बायको माझी रक्तदाबाची गोळी तोडून देते. ती म्हणायची, "अर्धी." मी सैनिकासारखा ताठ उभा राहून म्हणायचो, "अर्धी!" आणि आम्ही दोघं हसायचो. म्हातारपणी नवराबायकोत असे फालतू विनोदच उरतात, आणि मला ते फार आवडायचे.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे एकतर्फी वाटायला नको. एकदा वात जळून गेली आणि बार झालाच नाही. अशा वेळी हात न लावता लांब उभं राहून बराच वेळ थांबायचं असतं. मी थांबलो, पण घाईने मोजलं, आणि नळीत डोकवायला वाकलो तेव्हा बार उडाला. चेंडू कानाजवळून गेला. एक भुवई जळाली, गालाची कातडी गेली. बायको येऊन मला दवाखान्यात घेऊन गेली. घरी आल्यावर म्हणाली, "हे आता बंद करा." मी म्हणालो, "भुवई परत येते गं." ती आलीही. मी तो विषय हसण्यावारी नेला, हे मला कबूल आहे.

पुढच्या वसंतात माझे चेंडू अलीकडे पडायला लागले.

थोडेथोडके नाही, काठीच्या चांगले वीस-पंचवीस पावलं अलीकडे. पहिल्या शनिवारी वाटलं, हवा दमट आहे. दुसऱ्या शनिवारी वाटलं, चेंडू जुने आहेत. नवे आणले. बत्तीचं छिद्र झिजलं असेल म्हणून ते नव्याने बसवून घेतलं. नळी आतून घासली, ठोकळ्याचा कोन पुन्हा पुन्हा तपासला. पंचेचाळीस अंशांच्या वर जा नाहीतर खाली, चेंडू अलीकडेच पडतो, हे शाळेतलं गणित आहे. तरीही मी कोन बदलून पाहिला, इतका गोंधळलो होतो. मित्राला म्हटलं, "दारू थोडी वाढव."

पुढच्या खेपेला त्याने वाढलेला आकडा सांगितला. मी वाढलेला आकडा परत म्हटला. चेंडू अलीकडेच पडला.

"बॅरलमध्येच काहीतरी प्रॉब्लेम असेल यार," तो म्हणाला. "सोड ना, होतं असं."

मला मात्र प्रॉब्लेम बॅरलमध्ये दिसत नव्हता. माझे वडील मिरजेला गणिताचे मास्तर होते. त्यांचं डोकं गेलं ते पाढ्यांपासून. सोळाचा पाढा म्हणताना मध्येच थांबायचे, आणि मग आमच्याकडे असे बघायचे की जणू आम्हीच कोणीतरी तो चोरला. शेवटी मला त्यांनी पोस्टमन समजून दारातच उभं केलं होतं. ती भीती मी इथवर बरोबर आणलेली आहे. चेंडू अलीकडे पडू लागले तसा मी स्वतःला तपासायला लागलो. दात घासताना सोळाचा पाढा. सिग्नलला उभं असताना एकोणीसचा. एकदा सातव्या घरात अडखळलो तर मागच्याने हॉर्न वाजवेपर्यंत मी हललो नाही.

शेवटी मीच बायकोला म्हटलं, मेमरीची टेस्ट करून घेऊ. ती म्हणाली, "घ्या करून, तुमच्या मनाला बरं वाटेल."

क्लिनिकमध्ये ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती, पर्स मांडीवर घेऊन. एका तरुण मुलीने मला घड्याळाचं चित्र काढायला लावलं. शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. मी, ज्याने उमेदवारीत लॉगॅरिदमची पुस्तकं फाटेपर्यंत वापरली तो मी, त्र्याण्णव म्हणताना घामाघूम झालो. पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते, त्यातले चार आठवले. पाचवा काही केल्या येईना. मुलगी गोड हसून म्हणाली, "यू डिड फाइन." छत्री. तो शब्द पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडताना आठवला आणि मला रडू फुटलं. बायकोने माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, "अहो, पुरे आता. ती तोफ वगैरे झेपत नाही तुम्हाला, सोडा." त्या हाताने मला खरंच धीर आला होता. तेच आठवून आज सगळ्यात जास्त राग येतो.

तरी सोडली नाही. शरदातल्या मॅचला गेलो, शेवटून दुसरा आलो. मित्र पहिला आला, मी कातलेल्या नळीवर. लाकडी ढाल हातात घेऊन तो सगळ्यांसमोर म्हणाला, की जे शिकलो ते याच्याकडून. मी टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून वाजवल्या, हे लिहायला लाज वाटते.

त्यानंतरच्या एका शनिवारी अचानक ढग गडगडले. रेंज ऑफिसरने शिटी वाजवून सगळ्यांना मागे बोलावलं. न वापरलेली पुडी पेटीत परत द्यायची असते. माझ्या हातातली पुडी घाईत ॲप्रनच्या खिशात राहिली. सोमवारी कपडे धुवायला टाकताना ती सापडली. विसरलो, म्हणजे सुरू झालं, असंच वाटलं. बायको तेव्हा बाजारात गेली होती.

पुडी हातात हलकी लागली वगैरे काही नाही. हाताला कळेल एवढा फरक नव्हताच. तळघरातल्या माझ्या टेबलावर छोटा तराजू असतो, त्यावर ती ठेवली ती केवळ सवयीने. फॉइलचं वजन वजा केलं. पुडीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा दारू जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी भरली.

आणि तेव्हाही मला काय वाटलं? की तराजू वाचायलाच चुकलो. चष्मा पुसला. पाच सेंटचं नाणं बरोबर पाच ग्रॅमचं असतं, ते ठेवून पाहिलं. पाच ग्रॅम. पुडी परत ठेवली, पुन्हा तेच. चार वेळा केलं. मग मी खुर्चीत बसलो आणि मोठमोठ्याने हसायला लागलो. मला काहीही झालेलं नव्हतं! वडिलांचा आजार नाही, काही नाही. कोन बरोबर, नळी बरोबर, डोकं बरोबर. आयुष्यात इतका आनंद मला फार थोड्या वेळा झाला आहे. तो दोनेक मिनिटं टिकला. मग ध्यानात आलं की भूल देणारा डॉक्टर आठवड्यामागून आठवडे पाचव्या हिश्श्याने चुकत नसतो.

तसाच त्याच्याकडे गेलो. तो शेडमध्येच होता. पुडी त्याच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "वजन कर."

"अरे, बस तर खरा. चहा टाकतो."

"वजन कर."

त्याने पुडीला हात लावला नाही. खाली बघत म्हणाला, "वहिनी रडल्या होत्या यार माझ्यासमोर. तुझी भुवई गेली ना, तेव्हा. म्हणाल्या, भावजी, तुम्हीच काहीतरी करा, ते माझं ऐकत नाहीत. मग मी जरा डोस कमी केला. सेफ्टीसाठी."

"सेफ्टी? पाचवा हिस्सा दारू कमी करून कोणाचा हात वाचतो? चेंडू फक्त अलीकडे पडतो. हे तुला माहीत नाही?"

तो फॉइलचा एक तुकडा दुमडायला लागला.

"आणि तुझ्या तोफेत किती घालत होतास?"

"पूर्ण," तो म्हणाला. मग घाईने म्हणाला, "जिंकायचं असं काही प्लॅन केलं नव्हतं रे."

मला त्याच्या जिंकण्याचं काही नव्हतं. मला आठवत होते ते आकडे. तो खोटा आकडा सांगायचा आणि मी ते खोटं तितक्याच खणखणीत आवाजात परत म्हणायचो, सगळ्या रेंजला ऐकू जाईल असं. मला फसवायला त्याने माझाच आवाज वापरला. मी त्याला आईवरून शिवी दिली, पहिल्यांदाच, आणि निघून आलो.

घरी बायको भाजी निवडत होती. पुडी तिच्यासमोर ठेवली. तिने ओळखलं. आढेवेढे घेतले नाहीत, हे मात्र तिचं मानायला हवं.

"मला वाटलं, नेम चुकायला लागला की तुम्ही कंटाळून सोडाल," ती म्हणाली. "भांडण नको, काही नको."

"मला वाटत होतं मला वेड लागतंय."

"मला काय माहीत तुम्ही ते इतकं मनाला लावून घ्याल."

"टेस्टच्या दिवशी तू शेजारी बसली होतीस."

ती मेथीच्या जुडीचा दोरा सोडत राहिली.

"मी त्र्याण्णवला अडकलो होतो. तू नुसतं एवढं म्हणायचं होतंस, की अहो, पुड्या कमी भरलेल्या आहेत. पार्किंगमध्ये म्हणायचं होतंस."

तेव्हा तिने मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज स्थिर होता. "खरं सांगू? मला वाटत होतं, तुम्ही त्या टेस्टमध्ये थोडं नापास व्हावं. डॉक्टरांनीच सांगितलं असतं, आता हे बंद. मग मला वाईट व्हावं लागलं नसतं."

मी पुडी उचलून खिशात टाकली. तिला माझी काळजी आहे, याबद्दल शंका नाही. मी मेलो तर ती कोलमडेल. पण मी जिवंत राहावं म्हणून माझं डोकं गेलं असतं तरी तिला चाललं असतं, एवढं मला त्या दुपारी कळलं.

मित्राशी बोलणं बंद आहे. दारू आता मी स्वतः आणतो, स्वतः तोलतो. रेंजवर एक निवृत्त प्लंबर माझी पेटी सांभाळतो, आणि चेंडू पुन्हा काठीजवळ पडतात. पहिला पडला त्या दिवशी लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी येऊन काही सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही.

बाकी दिनक्रम तोच आहे. सकाळी ती पाण्याचा ग्लास आणते, हात पुढे करते आणि म्हणते, "अर्धी." आणि क्षणभर थांबते. मी चष्मा लावतो, गोळी खिडकीकडे धरून नीट बघतो आणि गिळतो.