मोजायच्या, काढायच्या नाहीत

विद्याचा फोन आला तेव्हा मी एशियन टाउनजवळच्या एका दुकानात व्हॉल्व्हच्या भावावरून एका सिरियन व्यापाऱ्याशी भांडत होतो. विद्या माझी धाकटी बहीण. ती हॉस्पिटलमध्ये नवऱ्यापाशी आहे हे ठाऊक असूनही मी "पाच मिनिटांत करतो" म्हणून फोन कापला. तिने लगेच पुन्हा लावला. "दादा, जयंत गेला." माझा चेहरा बघून तो व्यापारीच गडबडला. "खलास, भाई, खलास. तुम्हारा ही रेट. ले जाओ." मी माल तिथेच सोडून निघालो.

त्याला सात आठवडे झाले. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलंच लिहावं असं म्हणतात. मला ते जमेल की नाही ठाऊक नाही, कारण माझा जयंतरावांवरचा राग अजून गेलेला नाही.

मी कराडहून इथे आखातात आलो तो गोदामात पेट्या उचलायला. आज उम्म सलाल मोहम्मदमध्ये माझं स्वतःचं पंपांचं दुकान आहे. विद्या शिकली, इंजिनियर झाली, इथल्या गॅस कंपनीत लागली. तिच्यामागून तिचा नवरा पुण्यातली प्राध्यापकी सोडून मदिनत खलीफात राहायला आला. बायकोच्या नोकरीमागे आलेला पुरुष मी तोवर पाहिला नव्हता. "तुमचा धंदा काय?" मी पहिल्याच भेटीत विचारलं.

"उत्तर ध्रुवाजवळच्या एका बेटावर समुद्रपक्षी असतात. त्यांच्या अंगावरच्या गोचिडी मोजतो."

"आमच्याकडे म्हशीला असतात त्या?"

"त्यांची थंडीतली चुलत बहीण म्हणा, दादा."

मला वाटलं, माझी चेष्टा चाललीय. पण खरंच, दर जूनमध्ये हा माणूस इथल्या भट्टीतून उठून बर्फाच्या कडेला जायचा आणि ऑगस्टमध्ये ओठ फुटलेले, नाक सोललेलं घेऊन परत यायचा. शुक्रवारी मी चहाला गेलो की ऐकवायचा. समुद्रावरच्या उभ्या कड्याला गवत-चिखलाची वाटीएवढी घरटी. गोचीड दगडांच्या फटीत वर्षभर उपाशी बसून राहते आणि पक्षी परतले की बाहेर येते. मोठा पक्षी निदान उडून जातो. पिल्लाला पंख फुटेपर्यंत हलताच येत नाही, हललं की खाली समुद्र. चोचीच्या कडेला, डोळ्यांभोवती, पायांच्या पडद्यावर गोचिडी टम्म फुगेपर्यंत रक्त पितात आणि ते बसून राहतं. थंडी कमी होत चालल्यापासून त्या वाढल्याहेत, असं जयंतरावांना वाटायचं. किती वाढल्या, हेच तर मोजायचं होतं.

"मग काढून टाकायच्या ना!"

"अर्ध्या घरट्यांतल्या काढतो. उरलेल्या अर्ध्यांतल्या फक्त मोजायच्या, काढायच्या नाहीत. दोन्हींतला फरक बघायचा असतो."

"म्हणजे पिल्लू तुमच्या हातात, चिमटा तुमच्या खिशात, आणि तुम्ही मोजून परत ठेवता?"

"हो."

"लाज नाही वाटत?" मी इतका ओरडलो की विद्या स्वयंपाकघरातून धावत आली. ते शांतपणे म्हणाले, "वाटते की. म्हणून तर मोजताना चुकत नाही."

असल्या माणसाशी भांडणार तरी कसं? समोरचा चिडला तर माझं काम सोपं होतं. हे कधी चिडायचेच नाहीत.

गेल्या जूनमध्ये मीच त्यांना विमानतळावर सोडलं. ऑगस्टमध्ये परत आले ते निम्मे होऊन. तेव्हा कळलं, स्वादुपिंडाचा कॅन्सर. रिपोर्ट मे महिन्यातला होता. कपाटात, मोज्यांखाली. विद्यालाही पत्ता नाही. मी हॉस्पिटलात त्यांच्या उशाशी उभा राहून नको नको ते बोललो. "एक वर्ष मोजणी चुकली असती तर काय आकाश कोसळणार होतं?"

"मागची सगळी वर्षं लंगडी झाली असती, दादा... आणि तुम्ही जाऊ दिलं नसतं."

नसतंच दिलं! मग मी मला येतं तेच केलं. डॉक्टरांशी घासाघीस. तीन महिने म्हणता, सहा म्हणा. मुंबईला नेतो, आठ म्हणा. ते बिचारे ऐकून घेत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याकडे सोडायला काही नव्हतं, आणि माझ्याकडे द्यायलाही.

दिवस-कार्य आटोपल्यावर तिकडच्या त्यांच्या सहकाऱ्यांचा निरोप आला. शेवटची वही हवी होती, पण ती मराठीत. थंडीत बोटं वळत नाहीत, मराठीत लवकर लिहून होतं म्हणे. विद्याच्याने ती वही उघडवेना. म्हणून आता दर शुक्रवारी मी वाचतो आणि माझी भाची इरा इंग्रजीत टाइप करते. तिला मराठी कळतं सगळं, बोलायची वेळ आली की इंग्रजी.

पहिल्या शुक्रवारी पहिलंच पान. "सकाळी दादांनी विमानतळावर सोडलं. गाडीत सांगणार होतो. ते फार खुशीत होते."

कशाने खुशीत होतो, हे मला पक्कं आठवतं. घरापासून विमानतळापर्यंत, एका कंत्राटदाराला कसा वाकवला ते मी रंगवून सांगत होतो. मी माणसाच्या तोंडाकडे बघून तो किती खाली येईल ते ओळखतो. त्या दिवशी तोंडाकडे बघितलंच नाही.

"मामा, डू आय टाइप धिस?" इराने विचारलं.

"नको... हे आपल्यातलं आहे."

घरट्यांना त्यांनी नावं दिली आहेत. काकू, सरपंच, बँकवाले. तिसऱ्या शुक्रवारी एक नाव आलं, 'दादा'. पुढे लिहिलंय, "कड्यावर सगळ्यात मोठा आवाज याचा. हातात घेतलं की चावतो."

"मामा! दॅट्स सो यू!" वडील गेल्यापासून पोर पहिल्यांदा हसली. मीही हसलो. मग पुढचा रकाना वाचला. 'फक्त मोजायच्या' या यादीतलं पिल्लू होतं ते. त्या दिवशी चार. दोन दिवसांनी नऊ. त्याच्या पुढच्या मोजणीला सोळा, आणि समासात बारीक अक्षरांत, "चढताना तीनदा थांबलो. दादा आज ओरडला नाही."

अजून बावीस पानं आहेत. इरा म्हणते, एका बैठकीत संपतील. मी चष्म्याचं निमित्त काढतो आणि दोन पानं झाली की वही मिटतो.