लाभक्षेत्रातले पेढे

भुसावळला गाडीतून उतरलो तेव्हा नऊसुद्धा वाजले नव्हते, तरी ऊन डोक्यावर बसलं होतं. तिथून एस.टी.ने धुळे. स्टँडवर पेपर उघडला आणि हरखलोच. मी ज्या गावी निघालो होतो, तिथल्या रखडलेल्या उपसा सिंचन योजनेला सरकारने पुन्हा निधी दिला होता. आमच्या शेजाऱ्यांचे मामा कौतिक नाना यांच्याकडे उतरायचं होतं. अशा बातमीला हात हलवत कसं जायचं? पाव किलो पेढे घेतले आणि शेजाऱ्यांना तसं फोनवर कळवलंही.

काळ्यापिवळ्या जीपने फाट्यावर सोडलं. पुढे योजनेच्या कोरड्या कालव्यातूनच चालत गेलो, कारण गावाची पायवाट आता तीच आहे. तळाला कुणी मिरच्या वाळत घातल्या होत्या. सरपण घेऊन येणाऱ्या एका बाईने माझी बॅग पाहून विचारलं, “पानीना सायेब का?”

“नाही.”

“मंग बरं शे,” म्हणाली आणि निघून गेली.

नानांच्या घरी अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा वाढला. चव अजून जिभेवर आहे. पाणी मात्र अर्धा तांब्या. मी दुसऱ्यांदा मागितलं आणि मग लाजलो.

जेवल्यावर नानांनी वावर (शेत) दाखवलं. मधोमध एक कोरडी चारी होती, कालव्याचं पाणी पिकाला नेण्यासाठी राखलेला चर. तिच्यात पाणी कधीच आलं नाही. तरी दर वर्षी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) पंधरा दिवस आधीच नाना ती साफ करत आणि म्हणत, “पाव्हना येवाना पहिले आंगन झाडतस ना?” यंदा मात्र तिच्यात गुडघाभर गवत वाळलं होतं.

“यंदा झाडली नाही?”

“सरकारी विहीरना अर्ज करा (केला), भाऊ. तर म्हने, तुमनं वावर लाभक्षेत्रमा शे. कागदवर पानी शे, विहीर कसाले?”

शेवटी एका कारकुनाने सांगितलं होतं की यंदा निधी आला नाही तर योजनाच रद्द होईल, मग विहीर मिळेल. नाना-अक्का वर्षभर त्याचीच वाट पाहत होते. पेढ्यांचा खोका मी घरी खाटेवरच ठेवून आलो होतो.

घरी परतलो तर अक्कांच्या हातात माझा खोका. “पेढा कसाना, भाऊ?”

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण जमलं नाही. पेपर पुढे केला. नानांनी तो वाचला, घडी घातली. पाहुण्याचा मान म्हणून एक पेढा कपाळाला लावून खाल्ला. मग कोपऱ्यातलं फावडं उचललं.

“आखाजी परवा शे,” अक्कांकडे न बघता म्हणाले. “चारी झाडनी पडी.”

परतीच्या एस.टी.त मला स्वतःचा आणि त्या पेपरचा सारखाच राग येत होता. दिलेल्या तुटपुंज्या निधीत पाणी येणार नाही, पण योजना मरणारही नाही. ती मेली असती तर नानांना विहीर मिळाली असती.

घरी पोचलो तर शेजारी दारातच उभे. “मामांना पेढे आवडले का?”

“खाल्ले त्यांनी,” मी म्हणालो आणि कुलूप काढायला लागलो.