हुक्काडोहाची बदली

माणसं घर बदलतात, गाव बदलतात. मी सातवीत असताना जपानचं एक अख्खं बेट उत्तरेतून उचलून दक्षिणेत आणून ठेवलं, आणि वर त्यावर संत्र्याची झाडंही लावली. नातवंडं भूगोलात कमी मार्क घेऊन आली की मी गप्प बसते, ते याच कारणानं. त्यांना वाटतं, आजी फार समजूतदार आहे.

सेलूला आमच्या मुलींच्या शाळेत बाईंनी नकाशांची स्पर्धा ठेवली होती. देश ठरला जपान. तेव्हा सेवाग्रामकडे एक जपानी भिक्खू राहायला आला होता. पंख्यासारखं गोल, चामड्याचं वाद्य वाजवत तो पायी पायी गावोगाव फिरायचा. बाईंनी त्यालाच नकाशे बघायला बोलावलं होतं. त्याला जो पसंत पडेल तो नकाशा काचेच्या चौकटीत घालून बाईंच्या खुर्चीमागे भिंतीवर लागणार होता, कायमचा. मला ती भिंत हवी होती. इतकी, की जेवताना ताटात मला चौकट दिसायची.

जपानला चार मोठी बेटं, आणि सगळ्यात वरचं होक्काइडो, असं बाईंनी सांगितलं. मागच्या बाकांपर्यंत पोचता पोचता त्याचं हुक्काडोह झालं. आमच्या बोर नदीला डोह होते, आणि हुक्का आमच्या आजोबांकडे होता, त्यामुळे मला ते नाव मुळीच परकं वाटलं नाही. तिथे घराच्या वळचणीपर्यंत बर्फ पडतो, असंही बाई म्हणाल्या. मी बर्फ पाहिला होता तो जत्रेतल्या गोळेवाल्याकडे, पोत्यात, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. मग काय, चैतातल्या दुपारी फरशीवर पालथं पडून मी हुक्काडोह बघत राहायची. पांढरं गाव, पांढरी छपरं, आणि वितळू नये म्हणून सगळ्या गावावर पसरलेला भुसा. माणसं सकाळी उठून भुसा बाजूला सारतात, थोडा बर्फ फोडून घेतात, पुन्हा झाकून ठेवतात. कुठे आवाज नाही. फक्त खाली खोल डोहात कोणीतरी म्हातारा हुक्का ओढतोय आणि वर बुडबुडे येताहेत. बाहेर आमच्या गल्लीत पत्रे तापून कडकड वाजत असायचे, आणि माझे पाय गार पडायचे.

आता तिच्याविषयी सांगायला हवं. माझ्या शेजारच्या बाकावर एक मुलगी होती. तीन वर्षं ती पहिली येत होती आणि तीन वर्षं मी दुसरी. तिच्या वस्तीतली सगळी माणसं आदल्याच दसऱ्याला नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली होती, पांढरी लुगडी, पांढरे सदरे घालून. घरी माझा निकाल लागला की बाबा एवढंच विचारायचे, "अन् पयली तेच का?" त्या 'तेच' शब्दात काय काय होतं ते मला तेव्हा कळत होतं आणि कळत नव्हतंही.

बाबा शंकरपटात बैल पळवायचे. दोन जोड्या सुटतात, एक पुढे जाते, एक मागे राहते, तिसरी कोणी नसतेच. माझी स्पर्धेची अक्कल तेवढीच. वर्गात तीस मुली होत्या, पण माझ्या मते धावत होतो आम्ही दोघीच. आणि नकाशे बघायला येणार भिक्खू, म्हणजे तो तर त्यांच्यातलाच. मी सगळ्या वर्गात सांगून टाकलं की निकाल आधीच ठरला आहे. यावर तोड मला एकच दिसली. माझा जपान तिच्या जपानपेक्षा मोठा पाहिजे.

बाईंनी प्रत्येकीला एकच जाड कागद दिला होता, दुसरा मिळणार नव्हता. त्यावर एक-एक इंचाचे चौकोन पाडायचे आणि पुस्तकातला नकाशा चौकोनाचौकोनानं उतरवायचा. मी तिच्याकडे चोरून पाहिलं. ती एक इंचाचेच पाडत होती. मी दीड इंचाचे पाडले. खालून सुरुवात केली. काय देखणा जपान उमटत होता. धष्टपुष्ट, खात्यापित्या घरचा. तिसरं बेट संपलं तेव्हा कागदही संपला.

हुक्काडोहाला जागाच उरली नाही. वर कागदाची कड, आणि कडेच्या पलीकडे बाकाचं लाकूड. खाली उजव्या कोपऱ्यात मात्र समुद्र नुसता मोकळा पडला होता. इतकी छान जागा वाया का घालवायची, असं वाटलं. मी बेट तिथे बसवलं. कोणाच्या लक्षात येणार, असा माझा हिशेब. सेलूतल्या कोणाचं हुक्काडोहाला जाणं-येणं होतं?

तिनं मान तिरपी करून पाहिलं. "अवं, थे बेट तं वरतं हाय."

"तू तुहं पाय."

"मी पाऊनच राह्यली. खोडून टाक अन् लहान काढ. अजून येळ हाय." आणि तिनं तिचा खोडरबर माझ्या बाकावर सरकवला. नवाकोरा, अर्धा लाल अर्धा निळा. तिच्या वडिलांनी वर्ध्याहून आणलेला.

मला वाटलं, पाहा कशी डाव टाकते. माझा जपान लहान करायला निघाली. मी खोडलं तर नाहीच, उलट तो रबर उचलून दप्तरात टाकला. मला नको, पण तिलाही मिळू नये. पुढे तिची एक रेघ समुद्रात चुकली. खोडायला काही नव्हतं, तर तिनं त्या रेघेची नाव केली. नाव फार छान दिसत होती. मला त्याचाही राग आला.

घरी दप्तरातून रबर निघाला. कोणाचा, म्हणून मायनं विचारलं. मी सांगितलं. मायनं तांब्यातलं पाणी घेऊन त्यावर शिंपडलं, आणि मग तो हातात घेतला. रबराला काय कळणार, तो ओला झाला एवढंच. मी जवळ बसून समुद्राला कपड्यांची नीळ लावत होते, जमिनीला हळद. हुक्काडोह आता दक्षिणेला आल्यामुळे तिथली थंडी गेली, हे मला उघडच दिसत होतं. म्हणून तिथे आमच्याकडच्यासारखी संत्र्याची बाग काढली, आणि बागेत एक झोपडी. झोपडीपुढे ऊन.

चार दिवसांनी तो भिक्खू आला. पिवळी वस्त्रं, धुळीनं भरलेले पाय, चेहरा लहान मुलासारखा. नकाशे भिंतीला टाचणीनं लावले होते. तिनं हात जोडले तसे त्यानं वाकून तिला नमस्कार केला, आणि मी माझ्या दुसऱ्या बाजूच्या मुलीला कोपरानं ढोसलं. बघ, म्हटलं नव्हतं? तिच्या नकाशापुढे तो थांबला. नावेवर बोट ठेवून हसला. मग माझ्या नकाशापुढे आला आणि तिथेच उभा राहिला. किती वेळ, कोण जाणे. माझी छाती शंकरपटातल्या बैलासारखी धपापत होती. बाईंनी चष्मा वर केला, माझं बेट पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"यह होक्काइडो?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली. वर्गात हसू पसरायला लागलं होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "खालतं उतरलं वं." पृथ्वी दुभंगावी वगैरे मला वाटलं नाही. मला त्या बागेतल्या झोपडीत जाऊन दार लावून घ्यावंसं वाटलं.

त्यानं संत्र्याच्या झाडांवरून हलकेच बोट फिरवलं. "मेरा गाँव इधर," तो म्हणाला. "माँ इधर रहता. बहुत बर्फ. हाथ फट जाता." राहते म्हणायचं होतं की राहत होती, कोण जाणे. त्याचं हिंदी तेवढं पक्कं नव्हतं, माझंही नव्हतं. मग झोपडीपुढच्या उन्हाकडे बघत म्हणाला, "अभी माँ धूप में बैठेगा. संतरा खाएगा. अच्छा."

आणि मागे वळून त्यानं तिच्या नकाशाला पहिला नंबर दिला. द्यायलाच हवा होता. तिचा जपान जिथल्या तिथे होता.

घरी जाताना ती माझ्यामागून येत होती. मला वाटलं, आता चिडवेल. मी पाय उचलला, तिनंही उचलला. चिंचेपाशी तिनं मला गाठलं आणि बरोबरीनं चालायला लागली. मी म्हटलं, "हास. साऱ्या हासल्या, तू काऊन नाई हासली?"

तिनं माझ्यापुढे हात पसरला आणि म्हणाली, "पयला नंबर मले भेटला, पन त्याईची माय तं तुह्याच नकाशात राह्याले गेली वं. आता माहा रबर दे वापस."