छपरावरचा कोहळा

मनकर्णाबाईच्या अंगावर सोनं चढलं, त्याच वर्षी तिच्या परसातली भाजी गेली.

बाळापूरच्या अलीकडे एका लहानशा गावात तिचं घर होतं. घरामागे परस, परसात विहीर, आणि विहिरीच्या पाण्यावर गवार, वांगी, कारली, मेथी, कोहळा. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात हिरवं पान दिसत नाही, म्हणून हिवाळ्यातच सगळं सुकवून ठेवायचं. वांग्याच्या काचऱ्या, गवारीच्या शेंगा, हरभऱ्याचा पाला. कडुलिंबाचा पाला घालून मडकी भरायची आणि तोंडं फडक्यानं बांधून माळ्यावर चढवायची. आणि सगळ्यांत वर कोहळ्याचे सांडगे. रामनवमीच्या भंडाऱ्याला रामाच्या देवळात जे सांडगे तळले जात, ते याच घरचे. आधी सासूच्या हातचे, मग मनकर्णाबाईच्या. गावात तिला पाटलीणबाईसारखा मान नव्हता, पण त्या एका दिवशी मोठमोठ्या घरच्या बाया तिला विचारत, "मनकर्णाबाई, हिंग किती घातला वो यंदा?" आणि ती कधी खरं सांगत नसे.

मग कुठे दूर साहेबांच्या मुलखापलीकडे लढाई लागली, तिकडचा कापूस अडला आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी ज्वारी मोडली, गायरान नांगरलं. मनकर्णाबाईच्या नवऱ्याने, किसनरावाने, परसातही तिफण घालून कापूस पेरला.

"भाजी इकत भेटते," तो म्हणाला. "तू पुतळ्याची माळ घाल अन् चूप बस."

माळ आली. ती घालून मनकर्णाबाई ओट्यावर बसली, आणि शेजारून गोदाबाई भाजीची टोपली घेऊन गेली.

गोदाबाई म्हणजे धाकटी जाऊ, वामनरावाची बायको. भावाभावांची वाटणी झाल्यापासून दोन परसांच्या मधे बोरीच्या काट्यांचं कुंपण होतं. सासरे भगवंतराव धाकट्याकडे राहत. वामनरावाने शेतात कापूस पेरला, पण परसाला हात लावला नाही. तिथे सगळं तसंच राहिलं. मनकर्णाबाईला रोज कुंपणापलीकडून हिरवी वांगी दिसत, मेथीचा वास येई. गोदाला शिकवलं कोणी? हिनेच. नवी नवरी आली तेव्हा त्या पोरीला गवारीची शेंग निबर की कोवळी हेही कळत नव्हतं. आता तीच लोकांना वाटते, आणि लोक म्हणतात, गोदाबाईच्या हाताला गुण आहे.

"ताजी हाय बाई, घ्या ना," असं म्हणत ती मूठभर मेथी कुंपणावरून देई. मनकर्णाबाई ती घेई, आणि कितीही चांगली असली तरी जेवताना म्हणे, "वाळू हाय हिच्यात."

त्याच पावसाळ्यात गोदाबाईच्या कोहळ्याचा वेल कुंपण ओलांडून आला. कपाशीला न शिवता तो सरळ मनकर्णाबाईच्या गोठ्याच्या छपरावर चढला. कार्तिकात तिने छपरावरचा कडबा सारून पाहिलं, तर मागच्या अंगाला एक कोहळा बसलेला. पांढरी राख माखलेला, चांगला घागरीएवढा. तिने कडबा पुन्हा तसाच ओढून ठेवला.

खरं तर तिने हाक मारून सांगायला हवं होतं. वेल ज्याचा, फळ त्याचं, हे तिलाही ठाऊक होतं. पण त्याच आठवड्यात देवळाची व्यवस्था पाहणारे केशवराव गोदाबाईच्या अंगणात येऊन बोलले होते, आणि ते कुंपणाअलीकडे ऐकू आलं होतं. "मोठीच्या घरी आता कापूस पिकते. यंदा सांडगे तुह्याच घरून येऊ दे." त्यावर गोदाबाई काय म्हणाली, ते बैलाच्या घुंगरात ऐकू आलं नाही. मनकर्णाबाईने ते आपल्या मनानेच ऐकून घेतलं.

पौषात वेल वाळला. गोदाबाई माजघरात असल्याचं पाहून मनकर्णाबाई छपरावर चढली, कोहळा काढला, आणि घरात कापसाचा ढीग लागला होता त्याच्या पोटात लपवला. रोज दिवा लावून रामाला हात जोडला की नजर त्या ढिगाकडे जाई. मग ती हात आणखी घट्ट जोडी.

फाल्गुनात कापसाच्या गाड्या खामगावच्या बाजाराला निघाल्या; ढीग उपसायच्या आदल्या रात्री तिने कोहळा माळ्यावर मडक्यांमागे सरकवला. किसनराव गेला, वामनराव गेला, आणि मनकर्णाबाईचा थोरला पुंजा पहिल्यांदाच बापाबरोबर गेला. आठवडा उलटल्यावर रस्त्याने जाणारा पिंजारी सांगून गेला की गाड्या उद्या सकाळी गावात येतात. झालं. तिने त्याच संध्याकाळी उडदाची डाळ भिजत घातली. सकाळी किसनराव येईल, कोहळ्यावर पहिला घाव घालील, दुपारपर्यंत सांडगे खाटेवर पडतील, आणि मग केशवरावांना काय ते दिसेल.

सकाळी गाड्या आल्याच नाहीत. निरोप आला की पारसच्या बाजूला गाडीचा कणा मोडला, दोन दिवस लागतील.

डाळ फुगून आली होती. फाल्गुनातलं ऊन, दुपारी आंबायला लागणार. घरात दुसरी मूठभर डाळ नव्हती, कारण परसाबरोबर उडीदही गेले होते. आणि अख्खा कोहळा बाईने कापायचा नसतो. कोहळा म्हणजे घरचा थोरला मुलगा, असं सासूने लग्नाच्या वर्षीच तिच्या कानात घातलं होतं. पहिला घाव घरच्याच पुरुषाचा. मनकर्णाबाईने विळा हातात घेतला, कोहळ्यापुढे बसली. पुंजा मोडलेल्या गाडीपाशी उन्हात उभा असलेला तिला दिसला. तिने विळा खाली ठेवला.

घरचा पुरुष आता गावात एकच होता, आणि तो कुंपणापलीकडे होता.

टोपलीत कोहळा, वर लुगडं झाकून ती गोदाबाईच्या दारात गेली. गोदाबाई शेंगा निवडत होती. तिने लुगड्याकडे पाहिलं, मग जावेकडे.

"या बाई. काय आणलं?"

"कोहळा हाय. मामाजीले म्हणा, घाव घालून द्या."

"कुठचा वो?"

"माहेरून आला."

"तुमच्या माहेरी तर माती खारी. चांगला झाला म्हणायचा." गोदाबाई हसली नाही. आतून तिने कोयता आणला, हळदीकुंकवाची कुयरी आणली. भगवंतराव काठी टेकत अंगणात आले. मनकर्णाबाईने पदर पुढे ओढला आणि खांबाआड झाली, सासऱ्यांशी ती समोरासमोर बोलत नसे.

म्हाताऱ्याने कोहळ्याला हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि नेहमीसारखं विचारलं, "कोणाच्या येलाचा हाय?"

हे विचारण्याची त्या घरात रीतच होती. वेलाचं नाव घ्यायचं, त्याची माफी मागायची, मग घाव. मनकर्णाबाई ते साफ विसरली होती. सासू गेल्यापासून घाव किसनराव घाली, आणि वेल आपल्याच परसातला असल्याने तो विचारत नसे.

गोदाबाई पुन्हा शेंगा निवडायला बसली होती. म्हाताऱ्याने कोयता उचलून धरला होता. माहेर म्हणायला तोंड उघडलं आणि मनकर्णाबाईच्या डोळ्यांपुढे पुन्हा पुंजा आला. तिने सांगितलेलं खोटं घेऊन तो घाव थोरल्या मुलावर पडणार होता.

"गोदा," ती खांबाआडून म्हणाली, "सांग त्याईले. येल तुहा हाय. माह्या गोठ्यावर आला होता."

भगवंतरावांनी सुनांकडे पाहिलं नाही. "गोदाच्या येला, माफ कर," म्हणाले आणि एका घावात कोहळा दुभंगला. आत पांढरास्वच्छ गर होता.

"मले मालूम होतं बाई," गोदाबाई बिया काढता काढता म्हणाली. "दिवाळीपासून पाहून राहिली होती मी."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी मागाले याल म्हणून. तुमी मले आजपर्यंत काही मागतलंच नाई. मी देतो, तुमी घेता, अन् मेथीत वाळू हाय म्हणता." तिने मान वर केली. "अन् तुमच्या गळ्यातली माळ पाहून माह्याही पोटात दुखते, मी सांगतो का कोणाले?"

मनकर्णाबाईने कोहळ्याची दुसरी फोड पुढे ओढून बिया काढायला घेतल्या. मग ती म्हणाली, "केशवरावाले निरोप दे. सांडगे तुह्या घरून."

"त्याईले तवाच नाई म्हटलं मी. माह्यावाले सांडगे मामाजीही ताटाबाहेर काढतात, इचारा त्याईले."

"मीठ लय टाकते हे," भगवंतराव ओट्यावरून म्हणाले. "अन् केशवले सांगा, भगवंतरावाच्या घरचे सांडगे हायेत. वाटणी पोराईनं केली, रामाले काय माहीत."

डाळ आंबायच्या आत दोघींनी पाट्यावर वाटली. भंडाऱ्याला सांडगे गेले, आणि पंक्तीत एक बाई म्हणालीच, "गोदाबाईचा कोहळा म्हणते, काय चव हाय." मनकर्णाबाई वाढता वाढता थांबली. "कोहळ्याले कायची चव असते? चव हिंगाची असते," ती म्हणाली, आणि त्या बाईला दुसऱ्यांदा वाढलं नाही.

आषाढ लागण्याआधी तिने पुतळ्यांची माळ काढून किसनरावाच्या पुढ्यात ठेवली. "हे घ्या. मले इहिरीजवळची जागा द्या." किसनराव हसला, मग तिच्या तोंडाकडे पाहून हसायचा थांबला. जागा मिळाली. माळही तिच्याकडेच राहिली, पण ती तिने सणालाच घातली.

त्याच कोहळ्याच्या बिया तिने लावल्या. वेल आपसूक कुंपणाकडे वळला, आणि खोटं कशाला, मधल्या काट्यांवर एक बांबू तिनेच टेकवून दिला. श्रावणात तो गोदाबाईच्या छपरावर होता.

"बाई, तुमचा येल आला वो इकडे," गोदाबाई कुंपणावरून म्हणाली.

"येऊ दे," मनकर्णाबाई म्हणाली. "मागाले ये मात्र."

आणि कार्तिकभर ती विहिरीवर घागर भरताना त्या छपरावरच्या कोहळ्याकडे पाहत राहिली, गोदा केव्हा येते म्हणून.