सूचकाची सही

आपल्या प्रभागातल्या प्रत्येक मतदाराला त्याच्या यादीतल्या क्रमांकासकट ओळखणारा माणूस उभ्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि ते माझे साडभाऊ आहेत. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्या घरी देवघरात वर बालाजी, मध्ये गणपती आणि खाली लाल फडक्यात बांधलेली मतदार यादी असते. रस्त्यात कोणी भेटला की आधी त्यांच्या तोंडात क्रमांक येतो, मग नाव. शेजारच्या मुलीचं लग्न होऊन ती राजुऱ्याला गेली, तेव्हा मांडवात अक्षता टाकता टाकता ते माझ्या कानात म्हणाले, “चारशे सतरा गेली, सर,” आणि त्यांचे डोळे खरोखरच ओले झाले. कोणी वारलं की ते क्रमांकावर पेन्सिलीने हलकी रेघ मारतात आणि तेवढा वेळ पंखासुद्धा बंद ठेवतात.

या माणसाबद्दल मी आजवर एक ओळ लिहिली नाही, त्याला कारण आहे. मागच्या निवडणुकीत त्यांचा नगरसेवकपदाचा अर्ज छाननीत बाद झाला, तो माझ्या सहीमुळे. आणि तो बाद होणार हे मला सही करतानाच माहीत होतं. चार वर्षं हे मी कोणाजवळ बोललो नाही, बायकोजवळही नाही. सगळं सांगतो. आधी माणूस तर ओळखून घ्या.

साडभाऊंची सारी नोकरी घरोघरी विजेचं मीटर वाचण्यात गेली. दारात आले की रामराम नाही, कसे आहात नाही. खिशातून बॅटरी काढायची, जिन्याखालच्या मीटरवर उजेड पाडायचा आणि आकडा टिपता टिपता त्या घरातली बातमी त्याच घराला सांगायची: जावई आठ दिवस राहून गेले वाटते, कूलर लय चालला. निवृत्त झाल्यावर वही गेली, बॅटरी राहिली. ती आजही भरदुपारी त्यांच्या हातात असते. आमच्या दोघांच्या सासऱ्यांच्या तेरवीला महाराज मंत्र म्हणत होते, तेव्हा यांनी भिंतीवरच्या मीटरवर बॅटरी मारली आणि चकती जोरात फिरून राह्यली, कुठी तरी लीकेज हाय, असं भर पंगतीत जाहीर केलं. सगळ्यांनी त्यांना दामटून खाली बसवलं. संध्याकाळी मागच्या खोलीत उंदराने कुरतडलेली वायर सापडली.

अशा माणसाला निवडणूक लढवावीशी वाटली यात नवल नाही. त्यांचा प्रभाग आमच्या छोट्या नगरपंचायतीच्या शेवटच्या टोकाला. शेवटच्या खांबापलीकडे थेट सागवान. त्या खांबावरचा दिवा वर्षानुवर्षं बंद, आणि अंधार पडला की रानडुकरं रस्ता ओलांडून लोकांच्या वांग्याच्या वाफ्यात. तो दिवा लावायचा, एवढ्यासाठी उभं राहायचं, असं ते सांगत. अपक्षांना मिळणाऱ्या चिन्हांमध्ये बॅटरी आहे हे कळलं, तेव्हा तर त्यांनी बालाजीला नारळ फोडला. अर्जासोबत घरात शौचालय वापरत असल्याचा दाखला लागतो; तो त्यांनी दोन वर्षं आधीच काढून, लॅमिनेशन करून, बैठकीत लावला होता. पाहुण्यांना ते तो वाचून दाखवत.

प्रचार मात्र असा, की विरोधकानेच त्यांना हारतुरे द्यावेत. एका बाईंनी विचारलं, नळाले पाणी येईन ना भाऊ? दुसरा कोणीही हो म्हणाला असता. साडभाऊ उंबरठ्यावर बसले, टाकीची उंची, पाइपाचा उतार, सगळं हाताने करून दाखवलं आणि शेवटी म्हणाले, “नाई येत बाई. मी निवडून आलो तरी नाई येत.” तरीही त्या म्हणाल्या, तुमालेच देऊ जी. तसं सारेच म्हणायचे. घरी येऊन साडभाऊ यादीतल्या त्या क्रमांकापुढे पेन्सिलीने एक बारीक टिंब देत. अर्ज भरायच्या आधीच सहाशे मतदारांत साडेचारशे टिंबं झाली होती. ती यादी ते मला दाखवत आणि मी मान हलवत असे.

मान हलवणं हाच माझा दोष. अर्ज भरायच्या आदल्या दिवशी बाई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, आमच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “भाऊजी, हे पडले तं घराबाहेर निघणार नाईत. टिंबं मोजत बसतीन. तुमी कायतरी करा.” मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडभाऊ अर्ज घेऊन आले. तेव्हा सूचक एकच लागे. ते म्हणाले, “सर, सूचक तुमीच.” मी तिथेही मान हलवली.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. सूचक त्याच प्रभागाचा मतदार असावा लागतो, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. आणि त्याआधी दोनच वर्षांपूर्वी मी नाल्यापलीकडे घर बांधलं होतं. माझं नाव पलीकडच्या प्रभागात गेलं होतं. नवं ओळखपत्र सही करताना माझ्या शर्टाच्या खिशात होतं. मला दोघांनाही नाही म्हणता आलं नाही, आणि ज्या सहीने दोघांचंही ऐकल्यासारखं होणार होतं, ती मी केली. त्यांच्या भल्यासाठी केली असं मी स्वतःला सांगत आलो. पण खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. त्यांना पंचवीस-तीस मतं पडतील आणि शिक्षकांच्या खोलीत माझ्याकडे बघून सगळे हसतील, ही भीती.

छाननीच्या दिवशी अधिकाऱ्यांनी यादी चाळली आणि सूचकाचं नाव या प्रभागात नाही, असं शांतपणे सांगितलं. साडभाऊ माझ्याकडे वळले. मी छताच्या पंख्याकडे पाहत राहिलो. बरोबर हाय साहेब तुमचं, एवढंच ते म्हणाले. बाहेर येऊन त्यांनी दोन प्लेट तर्रीपोहे मागवले आणि नाकाडोळ्यांतून पाणी गळेपर्यंत रस्सा ओरपला. मला ते दुःखच वाटलं. माझी प्लेट मी त्यांच्याकडे सरकवली.

त्यानंतर चार वर्षं मी त्यांच्या घरावरून जाण्याचं टाळलं. निवडून आलेल्या माणसाला मात्र सुख लागलं नाही. साडभाऊ रोज सकाळी बॅटरी घेऊन त्याच्या दारात उभे राहत आणि त्या खांबाबद्दल विचारत. सहा महिन्यांत दिवा लागला.

परवा एका साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, आम्ही दोघं पोंभुर्ण्याला निघालो. स्कूटर ते चालवत होते, मी मागे. मागे बसलेल्याला पुढच्याचं तोंड दिसत नाही, हा मोठा फायदा. जंगलातल्या एका वळणावर मी त्यांच्या पाठीला सगळं सांगून टाकलं: ओळखपत्र, बाईंचं बोलणं, शिक्षकांची खोली. त्यांनी मोहाच्या झाडाखाली स्कूटर थांबवली. उतरले. मीही उतरलो आणि जमिनीकडे पाहत उभा राहिलो.

“सर, तुमी आमच्या यादीत पाचशे बारा होते,” ते म्हणाले. “घर बांधलं, नाव गेलं. त्या नंबरावर रेघ कोनं मारली? मीच मारली ना बाप्पा.”

मी म्हणालो, मग सही काऊन घेतली माझी? इतक्या वर्षांत माझ्या तोंडून ‘काऊन’ निघालं नव्हतं.

ते बॅटरीची काच रुमालाने पुसू लागले. “दुसऱ्याची घेतली असती तं अर्ज मंजूर झाला असता. साडेचारशे टिंबं होती, सर. मोजणीत निघाले असते चाळीस. मंग बाकीचे चारशे दहा कोन, हे हुडकत बसा लागलं असतं मले. त्याइच्या घरी मी चहा पेतो.” काच पुन्हा एकदा पुसून म्हणाले, “आता जो भेटते तो म्हणते, भाऊ, तुमी असते तं तुमालेच दिलं असतं. अन् मले ते खरं वाटते.”

मला हसू आलं. मग ते इतकं आलं की मी स्कूटरला टेकलो आणि स्कूटर कलली. चार वर्षं जपून ठेवलेला अपराध माझा नव्हताच. इतकं हलकं मला लग्न झालेल्या दिवशीही वाटलं नव्हतं. थोडं रिकामंही वाटलं, ते वेगळं. साक्षगंधाच्या जेवणात मी तीनदा बुंदी घेतली.

परत येताना, दिवेलागणीला, नाल्याच्या पुलावर त्यांनी वेग कमी केला. नव्या प्रभागरचनेत माझं घर पुन्हा त्यांच्या प्रभागात आलंय, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. क्रमांक तीनशे एकोणनव्वद. आता माझी सही चालेल, असंही म्हणाले. मी म्हणालो, मग या वेळी उभे राहाच भाऊ, मी तुमालेच देईन.

माझ्या घरासमोर त्यांनी स्कूटर उभी केली. डिकीतून लाल फडकं काढलं, यादी काढली, माझा क्रमांक शोधला आणि पुरेसा उजेड असतानाही त्यावर बॅटरी धरली. पेन्सिलीचं टोक बराच वेळ कागदापासून बोटभर वर थांबलं होतं.

“राहू द्या,” ते म्हणाले. “तुमाले टिंब नाई देत.”

खात्री आहे म्हणून, की खात्री करून घ्यायची नाही म्हणून, हे मी विचारलं नाही. त्यांनी यादी गुंडाळली आणि स्कूटर सुरू केली. नाल्यापलीकडे, सागवानाच्या तोंडाशी, त्यांचा खांबावरचा दिवा नुकताच लागला होता. ते त्याच्याखालून जाईपर्यंत मी फाटकात उभा होतो.