घाबरवण्याचा पगार

"टाळी वाजवून दाखव," साहेब म्हणाले.

टेबलावर तीन फ्लॉवर ठेवलेले होते. त्यांच्याच दुकानातले. मी एकेक हातात घेऊन सांगितलं होतं, हा आज पहाटे काढलेला, हा कालचा, आणि या तिसऱ्यावर पाणी मारलंय, उद्या दुपारपर्यंत काळा पडेल. साहेबांनी फ्लॉवरकडे पाहिलंसुद्धा नाही. खोलीत अजून तिघंचौघं होते. एक मुलगी मांडीवर फाईल घेऊन बसली होती.

मी म्हटलं, भाजी निवडायला टाळी कशाला लागते साहेब?

"अगं, येते की नाही तेवढं बघू दे."

मी वाजवली. एकदाच. बोटं फाकवून, तळव्यावर तळवा आडवा, आमच्या लोकांची असते तशी. खोलीत हसू फुटलं. फाईलवाली मुलगी तोंडावर हात ठेवून हसली. साहेब म्हणाले, उद्यापासून ये.

पायऱ्या उतरताना माझे तळवे झोंबत होते. पण मनात होतं, नोकरीला लागले. फ्लॉवर ओळखले म्हणून लागले.

मी बाई आहे. जन्मले मुलगा म्हणून, मखमलाबादच्या बाजूच्या एका मळ्यात. घरात भाजी आणि फुलं. आठ-नऊ वर्षांची असल्यापासून वडिलांबरोबर बाजारात. मेथीची काडी मोडली की आवाजावरून कळायचं कधी उपटलीय. सतराव्या वर्षी घरातून निघाले. निघाले म्हणजे काढलं. ते दुखणं वेगळं आहे, इथे सांगत नाही.

मग पाच-सहा वर्षं आमच्या लोकांतल्या गुरूच्या घरी. दुकानादुकानांतून मागत फिरायचो. दुकानदार गल्ल्यातून नाणं काढायचा आणि आमच्याकडे न बघता पुढे करायचा. आम्ही लवकर जावं म्हणून. एक दिवस मला ते नाणं घ्यावंसं वाटेना. गुरूच्या पाया पडले, म्हटलं मला भाजी येते, मी भाजी विकते. ती म्हणाली, बघ बाई, जमलं तर जमलं, नाहीतर ये परत. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पंचवटीत हातगाडी लावली. पहिला महिनाभर माझ्या गाडीवरून बायका पुढे जायच्या आणि शेजारच्या गाडीवरची शिळी भेंडी घ्यायच्या. मग एक आली. मग तिची जाऊ आली. तीन वर्षांत माझी गाडी दुपारी रिकामी व्हायला लागली. घासाघिशीत मी कुणाला हार गेले नाही. रागावायचे, भेंडी परत टोपलीत टाकायचे, पण भाव सोडायचे नाही. लोक म्हणायचे, तोंड फार आहे हिला. होतंच. तोंडावरच जगत होते.

मग गंगापूर रोडला ते मोठं दुकान आलं. काचेचं, थंड हवेचं. एका छताखाली साबणापासून साड्यांपर्यंत सगळं, आणि आत भाजीसुद्धा. दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. मी बघायला म्हणून बाहेर उभी राहिले. आतली पोरं-पोरी निळा शर्ट घालून फिरत होती. छातीवर कार्ड. कार्डावर नाव. एक म्हातारी गिऱ्हाईक एका पोरीला कार्ड वाचून नावानं हाक मारत होती.

मला ते कार्ड हवं झालं. पगारही हवा होता, खोटं कशाला बोलू. पण त्या पगाराहून जास्त मी गाडीवर काढत होते. मला हाका पडायच्या त्या म्हणजे ए, अरे, ओ मावशी, छक्के. छातीवर नाव असलं तर निदान वाचणाऱ्याला तरी ते घ्यावं लागेल. एवढाच हिशेब होता माझा. त्यासाठी गाडी विकली.

काम असं होतं. सकाळी सातला मागच्या दारानं आत जायचं, आलेली भाजी निवडायची, साफ करून मांडायची. दहाला दुकान उघडायचं. त्याआधी मी बाहेर. गिऱ्हाइकाला मी दिसायची नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी कार्ड मागितलं. साहेब म्हणाले, फॉर्मवर स्त्री किंवा पुरुष एवढंच आहे, वरून उत्तर आलं की करू. मी दर महिन्याला विचारायचे. दर महिन्याला उत्तर यायचं होतं. हमालाला साहेब तुम्ही म्हणायचे. गाडीच्या ड्रायव्हरला तुम्ही म्हणायचे. मला तू.

मी मांडलेली भाजी मात्र बघण्यासारखी असायची. हिरव्याशेजारी लाल, लालशेजारी पांढरं. रिकाम्या दुकानात मागे सरून एकदा डोळे भरून बघायचे आणि मग मागच्या दारानं जायचे.

जाताना वाटेत भांड्यांचं कपाट लागायचं. तिथं एक कुकर होता, पाच लिटरचा. दिवाळीच्या आधी सुट्टीच्या दिवशी चांगलं पातळ नेसले, अंबाड्यात गजरा माळला आणि पुढच्या दारानं कुकर घ्यायला गेले. दारावरचा वॉचमन मला रोज ओळखायचा. तो म्हणाला, ताई, मागून या. मी म्हटलं, आज मी कामाला नाही आले, गिऱ्हाईक म्हणून आलेय, हे बघ पैसे. तो बिचारा घाबरला. इकडं तिकडं बघत म्हणाला, "कळतंय ताई. पण तुमच्या लोकांना पुढून सोडायचं नाही असं सांगितलंय. माझी नोकरी जाईल."

मागे रांग लागली होती. एका बाईनं आपल्या मुलीला स्वतःच्या पदराआड घेतलं. मी तिच्या मुलीकडे बघितलंही नव्हतं.

माझा राग सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी तो आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. मी वळले, घरी आले, गजरा काढला. जुन्याच पातेल्यात भात लावला.

तरी मी काम सोडलं नाही. कारण त्याच सुमाराला साहेबांनी मला खरेदीला पाठवायला सुरुवात केली होती. दुपारी कंपनीच्या गाडीतून मार्केट यार्डावर जायचं. लिलावापर्यंत थांबायची ज्यांची तयारी नसायची असे शेतकरी फाटकाबाहेर माल घेऊन उभे असायचे. त्यांच्याकडून थेट घ्यायचं. हे माझं खरं काम होतं. मी कोबीचा गड्डा दाबून बघायचे, टोमॅटोच्या क्रेटमधला तळचा थर वर काढायचे, नावं ठेवायचे, पाठ फिरवून चार पावलं जायचे. शेतकरी मागून हाक मारायचा. भाव खाली यायचा. साहेब खूश. मला म्हणायचे, तुझ्यासारखं कुणाला जमत नाही.

मी फुगले. का फुगू नये? आयुष्यभर एकच विद्या होती आणि कुणीतरी तिला चांगलं म्हणत होतं. घरी आले की आरशासमोर उभी राहून दुपारची घासाघीस पुन्हा करून बघायचे. काय बोलले, तो काय बोलला, कुठे मोडला.

जवळजवळ वर्ष असं गेलं.

मग तो म्हातारा भेटला. गिरणाऱ्याकडचा. पिकअपच्या सावलीत वीसेक क्रेट टोमॅटो घेऊन बसला होता. माल एक नंबर होता. मी तरी सवयीनं क्रेट उचकलं, नाक मुरडलं आणि भाव सांगितला. मुद्दाम फार कमी सांगितला, तो वर जाईल, मग मधे कुठेतरी मिटेल, असा माझा अंदाज. तो म्हणाला, घे.

मी चमकले. इतक्या कमी भावात तो माल कुणी देत नाही. मी म्हटलं, बाबा, नीट ऐकलं का? किती म्हटलं मी?

त्यानं हात जोडले. वडिलांच्या वयाचा माणूस, बोटांना टोमॅटोचा हिरवा डाग.

"ऐकलं बाई. तू म्हणशील तो भाव. फक्त तोंडातून वाईट काढू नको. सून पोटुशी हाय. आधीची दोन राहिली नाय."

मी म्हटलं, बाबा, मी शाप कुठे देतेय? मी भाव करतेय.

"तू भाव कुठं करतीस बाई," तो म्हणाला. वाईट वाटून नाही, चिडून नाही. साधं, खरं सांगावं तसं. "तू हुबी राहतीस. आम्ही देतो. यार्डात समद्यांना ठावं हाय."

मी बाजूच्या दोघांकडे पाहिलं. त्यांनी माना खाली घातल्या.

समजा एखाद्या गवयाला कुणी सांगितलं की लोक तुझं गाणं ऐकायला बसत नव्हते, दाराला बाहेरून कडी होती. तसं माझं झालं. वर्षभरातला एकेक भाव आठवायला लागला. नाक मुरडणं, पाठ फिरवणं, चार पावलं. मी पाठ फिरवली की ते घाबरत होते, आणि मी त्याला माझी हुशारी समजत होते. घरी जाऊन आरशात उजळणी करत होते. आणि ज्यांच्याकडून ओरबाडत होते ते माझ्या वडिलांसारखेच होते. पोटुशा सुनेच्या जिवावर मी टोमॅटो स्वस्त केले होते.

त्या दिवशी माल घेतला नाही. रिकामी गाडी घेऊन परत आले.

साहेबांसमोर उभी राहिले. म्हटलं, लोक मला कंपनीची म्हणून भाव देत नाहीत, घाबरून देतात. मला निळा शर्ट द्या, नावाचं कार्ड द्या. म्हणजे समोरच्याला कळेल की दुकानाचं माणूस आलंय. मग मी भाव करून दाखवते. कमी येईल पण खरा येईल.

साहेब हसले. वाईट हसले नाहीत. लहान मुलाला समजावताना हसतात तसे.

"अगं, कार्ड लावलं तर घाबरणार कोण?"

तेव्हा मला पहिल्या दिवसाची टाळी कळली. वरून यायचं उत्तर कळलं. माझं विचारणं कधी वर गेलंच नव्हतं. फ्लॉवर मी उगाच ओळखले होते.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः गाडीत बसून यार्डावर आले. मला परत रुळावर आणायला. म्हातारा तिथेच होता. माल आदल्या दिवशी विकला गेला नव्हता. टोमॅटो किंचित मऊ पडायला लागले होते. साहेब त्याच्यासमोर उभे राहिले, भाव सांगितला. माझ्या कालच्याहून खालचा. म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. साहेब मला म्हणाले, "वाजव."

मी हात पदरात गुंडाळले.

"ऐकू येत नाही का? वाजव. पगार कशाचा घेतेस?"

ते साहेब बोलले आणि हरवलेला राग मला सापडला. आवाज माझा मोठा आहे, हातगाडीवरचा. मी यार्डाच्या फाटकाकडे तोंड करून बोलले. म्हटलं, ऐका सगळे. मी ह्यांच्या दुकानात वर्षाहून जास्त भाजी निवडली. ह्यांनी मला पुढच्या दारानं कधी आत घेतलं नाही. मला इथे उभी करतात ती तुम्हाला भीती घालायला. मला शाप येत नाही. कुणालाच येत नाही. माझा शाप खरा असता तर सगळ्यात आधी माझ्या बापाचा मळा जळाला असता. तो अजून हिरवा आहे. बाबा, टोमॅटो ह्या भावाला देऊ नका.

कुणीतरी हसलं. मग मागून एकानं टाळी वाजवली, माझीच नक्कल करत. मग चारपाच जणांनी. साहेब गाडीत बसून निघून गेले. म्हातारा क्रेटवर फडकं टाकत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. आभार नाही, काही नाही. मला वाटतं त्याला अजूनही खात्री नव्हती.

मी चालत घरी आले.

आता पुन्हा हातगाडी आहे, भाड्याची. माल घ्यायला त्याच यार्डावर जाते. पूर्वी हमाल मला वाट करून द्यायचे, आता खांदा मारून जातात. भीती गेली, तिच्या जागी मान आला नाही. काही आला नाही. तिथं रिकामं आहे. गुरू म्हणते, वेडी आहेस, आपल्याजवळ तेवढं एकच होतं. खरं आहे तिचं. मी तिच्याशी वाद घालत नाही.

पण नवीन शेतकरी दिसला, माझ्याकडे बघून त्याचा हात जोडायला वर यायला लागला, की मी आधी तो हात खाली करायला लावते. सांगते, मला शाप येत नाही, तुझं काही वाईट होणार नाही, आता तुझा भाव सांग. तो निर्धास्त होतो आणि चढा सांगतो. मी खाली मागते. तो ऐकत नाही, तोंडावर हसतो, कधी शिवी देतो. मी पाठ फिरवून चार पावलं जाते. बहुतेक वेळा मागून हाक येत नाही. मग मी परत फिरते आणि त्याच्या भावानं घेते. नफा कमी होतो, कधी होतच नाही.

होऊ दे. मी उद्याही जाणार आहे, परवाही. ज्या दिवशी मागून हाक येईल, त्या दिवशी ती भीतीनं नाही, माझ्या जिभेला आलेली असेल. तोपर्यंत मी चढ्या भावानं घेईन.